पिवळी गोळी

वर्षभर या पानावर मी शब्दांची उस्तवार करीत असतो. एखादा शब्द कुठून आला, वाटेत कुणाकडे उतरला, आमच्याकडे येईपर्यंत त्याचे कपडे कसे बदलले, असल्या गोष्टी सांगायच्या आणि वाचकांनी पत्रे पाठवून माझे कान धरायचे, असा आमचा गोडीगुलाबीचा व्यवहार आहे. दिवाळी अंकासाठी मात्र संपादकांचे वेगळे सांगणे असते. "या खेपेला जरा खुसखुशीत होऊ द्या," असे ते म्हणतात. चकली आणि लेख यांची प्रत एकाच कसोटीवर ठरते, असा त्यांचा समज असावा.

पण यंदा मी फराळाच्या ताटात एक गोळी ठेवणार आहे. छोटी आहे, पिवळी आहे, आणि माझ्यापुरती फार कडू आहे. घरात जेवढी वडीलधारी माणसे असतील तेवढ्या घरांत हिची बहीण असतेच, म्हणून ताट पुढे करण्याचे धाडस करतो.

आमचे गाव केळझर. वर्धा जिल्ह्यात, नागपूर-वर्धा रस्त्यावरचे. टेकडीवर सिद्धिविनायकाचे देऊळ आहे, आणि महाभारतातली एकचक्रा नगरी ती हीच, असे आमच्याकडे लहानथोर सगळे सांगतात. भीमाने बकासुराला मारले ते इथेच. त्या गोष्टीत गाडाभर अन्न आणि एक माणूस रोज राक्षसाकडे जात असे, आणि गावातल्या घरांवर त्याची पाळी लावलेली असे. लहानपणी सगळ्या पोरांना भीम आवडायचा. मला मात्र वाटायचे, ही पाळी लिहून कोण ठेवत असेल? त्या माणसाच्या हातून एखादे दिवशी वार चुकला, तर? पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याबद्दल पगार घेऊ लागलो, आणि तो प्रश्न विसरून गेलो. गेल्या वर्षीच्या नवरात्रात त्याचे उत्तर मला घरबसल्या मिळाले.

आई केळझरलाच असते, दादा-वहिनींजवळ. काही वर्षांपासून तिच्या बोटांची पेरे सुजतात. सकाळी उठल्यावर मूठ मिटत नाही, वेणी घालायला सुनेला हाक मारावी लागते. संधिवातातला हा जरा द्वाड प्रकार. शरीराचे रक्षण करणारी शिपाईगिरीच उलटून स्वतःच्या सांध्यांवर लाठी चालवू लागते. डॉक्टरांनी तिला दोन गोळ्या दिल्या होत्या. एक मेथोट्रेक्सेट, अडीच मिलिग्रॅमच्या तीन, आठवड्यातून एकदा, रविवारी. दुसरी फॉलिक ॲसिड, पाच मिलिग्रॅमची एक, रविवार सोडून रोज. दोन्ही पिवळ्या. दोन्ही लहान. शेजारी ठेवल्या तर आकारात थोडा फरक दिसेल. एकट्या पाहिल्या तर ओळखायची सोय नाही.

घटस्थापनेला मी घरी गेलो. आईच्या गोळ्या एका पिशवीत कोंबलेल्या पाहिल्या आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. मी सगळ्या गोळ्या पाकिटांतून सोडवून दोन स्वच्छ डब्यांत भरल्या. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मग एका कोऱ्या कागदावर, फळ्यावर लिहितो त्या वळणदार अक्षरात, तक्ता केला आणि कपाटाच्या दारावर डकवला. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नव्हती. 'रविवार' या शब्दाखाली तांबड्या शाईची रेघही ओढली होती. दादा म्हणाला, "वा! दवाखान्यात लावण्यासारखा झाला." मी प्रसन्न मनाने नागपूरला परतलो.

चिठ्ठ्या मी उलट्या चिकटवल्या होत्या.

दसऱ्याच्या सकाळी मी सोने द्यायला पुन्हा घरी आलो. त्याच सकाळी पुतणीही सुट्टीवर आली होती. ती परिचारिका होण्याचे शिक्षण घेते. तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. आजीच्या पाया पडून तिने वर पाहिले आणि विचारले, "आजी, तोंड आलंय का तुझं?"

"काही नाही व माय. नवरात्राचे उपास झाले, उष्णता झाली. वरणबी झोंबते."

आम्हां सगळ्यांना ते पटले होते. उपास आणि उष्णता हे कारण आमच्या घरात आजोबांपासून चालत आले आहे. पोरीला पटले नाही. "आजी, तुला त्या रविवारच्या गोळ्या चालू आहेत ना?" असे म्हणत ती कपाटाकडे गेली. तक्ता वाचला. रोजची डबी उघडली, एक गोळी तळहातावर घेतली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, हिची स्ट्रिप कुठं आहे?"

मी अभिमानाने सांगितले, की पाकिटांची अडगळ काढून टाकली. ती काही बोलली नाही. पिशवी उलटी केली, तळाशी राहिलेले एक अर्धे पाकीट काढले, त्यातल्या गोळीशेजारी डबीतली गोळी धरली, आणि तिचा चेहरा उतरला. "काका, आजी नऊ दिवस मेथोट्रेक्सेट रोज घेते आहे."

मधला एक रविवार वजा जाता आठ गोळ्या. आठवड्याला तीन घ्यायच्या, त्याही एका दिवशी. इथे नऊ दिवसांत आठ गेल्या होत्या, आणि रविवारी आईने मोठ्या श्रद्धेने फॉलिक ॲसिडच्या तीन घेतल्या होत्या. आकडा ऐकून मी म्हणालो, "म्हणजे पाचच जास्त झाल्या ना?" तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या मुलीने मला जे सांगितले, ते मी जन्मभर विसरणार नाही. "काका, प्रश्न नुसता किती गेल्या याचा नाही. हे औषध पेशींची वाढ थांबवतं. आठवड्यातून एकदा दिलं, की उरलेले सहा दिवस चांगल्या पेशींना सावरायला मिळतात. रोज दिलं, की ती उसंतच मिळत नाही. आणि तिला सावरणारी गोळी आपण काढून घेतली."

तिने डॉक्टरांना फोन लावला. औषधाचे नाव, मात्रा, दिवस, आजीचे वय, तोंड आलेले, ताप नाही, सगळे एका दमात सांगितले. दुपारी आई वर्ध्याच्या एका रुग्णालयात होती. रक्त तपासले तेव्हा पांढऱ्या पेशी उतरलेल्या निघाल्या. फॉलिनिक ॲसिडची इंजेक्शने सुरू झाली. मेथोट्रेक्सेटने जे दार अडवलेले असते, त्याला वळसा घालून हे आत जाते आणि पेशींचे अडलेले काम चालू करून देते. आई सहा दिवस तिथे होती. आणखी आठवडाभर रोज वाढले असते तर काय, हे डॉक्टरांनी मला शांतपणे सांगितले. ते इथे लिहीत नाही. दिवाळी आहे.

पण एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. चौथ्या दिवशी आईला जेवण जाऊ लागले. मी तिच्या खाटेशी बसलो होतो. तोंडातून शब्द फुटत नव्हता. तीच म्हणाली, "मले वाटलंच होतं बाप्पा. बारकी गोळी तं ऐतवारची. पण तू लिहून ठेवलं होतं न. म्हटलं, एवढा शिकलेला, चुकते काय!"

तिला कळले होते. तीन इयत्ता शिकलेल्या माझ्या आईला गोळीचा आकार आठवत होता. माझ्या अक्षरापुढे तिने आपली शंका गिळली, आणि शंकेबरोबर गोळीही.

त्या दिवाळीत मी कुठे गेलो नाही. केळझरच्या ओसरीवर बसून पुतणीचे औषधशास्त्राचे पुस्तक वाचले. ती पाठ करायची आणि मी पुस्तक धरून बसायचो. मास्तर आणि शिष्य यांची जागा बदलली, एवढेच. तिथे जे शिकलो त्यातले थोडे वाचकांपुढे ठेवतो. परिचारिकांना हे पहिल्याच पाठात शिकवतात, आणि घरोघरच्या परिचारिकांना, म्हणजे तुम्हांआम्हांला, कुणीच शिकवत नाही.

पहिला धडा पाच गोष्टींचा. रोगी योग्य, औषध योग्य, मात्रा योग्य, मार्ग योग्य, वेळ योग्य. पुढे या यादीत आणखी भर पडली, नोंद योग्य, कारण योग्य, अशी; पण पाया पाचांचा. ती घोकत होती आणि मला हसू आले. मी म्हणालो, "अगं, हे तर आमचं व्याकरण!" कुणाला द्यायचे ते संप्रदान, काय द्यायचे ते कर्म, कशाने म्हणजे तोंडाने की सुईने ते करण, केव्हा ते अधिकरण. वाक्यातले एक कारक चुकले की अर्थाचा अनर्थ होतो; इथे तो शरीरात होतो, एवढाच फरक. पुतणी हसली आणि म्हणाली, "काका, मग अपादान कुठं गेलं?" अपादान म्हणजे कुठून. मी गप्प बसलो. माझी चूक नेमकी तिथेच होती. औषध डबीतून द्यायचे नसते, नाव छापलेल्या पाकिटातून द्यायचे असते. पाकिटावर नाव असते, मात्रा असते, मुदत संपण्याची तारीख असते. पाकिटातून सुटलेली गोळी म्हणजे नावगाव हरवलेले पोर.

म्हणून परिचारिकेला नाव तीनदा वाचायला शिकवतात. औषध कपाटातून काढताना एकदा, मात्रा तयार करताना दुसऱ्यांदा, आणि रोग्याला देण्यापूर्वी तिसऱ्यांदा. तीनदा कशाला, असे पहिल्या वर्षाच्या मुलींना वाटतेच. पहिल्या वाचनात डोळा आपल्याला हवे ते वाचतो, हे मुद्रिते तपासणाऱ्या कुणालाही विचारा.

दुसरा धडा डॉक्टरांच्या चिठ्ठीचा. या चिठ्ठीत एक मेलेली भाषा अजून जिवंत आहे, ती म्हणजे लॅटिन. ओ.डी. म्हणजे दिवसातून एकदा, बी.डी. म्हणजे दोनदा, टी.डी.एस. म्हणजे तीनदा, एच.एस. म्हणजे निजताना. एस.ओ.एस. लिहिले असले की आमचे शेजारी घाबरून जायचे. बुडत्या जहाजाची हाक त्यांना माहीत होती. ते मूळचे 'सी ओपुस सिट', म्हणजे गरज पडली तर. दुखले तर घ्या, नाही दुखले तर घेऊ नका, इतके ते निरुपद्रवी आहे. पण यातली गंमत पुढे आहे. हेच ओ.डी. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत आले तर त्याचा अर्थ उजवा डोळा! दोन अक्षरे, दोन अर्थ. शब्दांवर श्लेष करण्याची परवानगी कवींना आहे, औषधाच्या चिठ्ठीला नाही. म्हणून हल्ली शहाणे डॉक्टर 'आठवड्यातून एकदा' असे पूर्ण लिहितात आणि पुढे वारही घालतात.

तिसरा धडा मात्रेचा. याचे एक उदाहरण प्रत्येक मधुमेही घराने भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे. इन्सुलिन आपल्याकडे दोन ताकदींचे मिळते. एकात एका मिलिलिटरला ४० युनिट, दुसऱ्यात १००. प्रत्येकाची सिरिंज वेगळी. चाळीसवालीचे टोपण तांबडे, शंभरवालीचे नारिंगी. आता समजा, शंभरच्या कुपीतले इन्सुलिन कुणी चाळीसच्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत भरले. त्याच्या मते वीस युनिट झाले. प्रत्यक्षात ती रेघ अर्ध्या मिलिलिटरची, म्हणजे पन्नास युनिट गेले! साखर एकदम खाली, माणूस घामाघूम, बेशुद्ध. औषध योग्य, रोगी योग्य, वेळ योग्य, हात प्रेमाचा. चुकला तो टोपणाचा रंग.

चौथा धडा मला सगळ्यांत आवडला. औषध शरीरात गेल्यावर त्याचे काय होते? शोषण, वितरण, रूपांतर, उत्सर्जन, अशी चार नावे पोरगी घोकत होती आणि तिच्या ध्यानात राहत नव्हती. आईने ओसरीच्या कोपऱ्यातून विचारले, "पावण्यावाणीच नं ते?" आणि खरोखर तसेच आहे. पाहुणा दारातून आत येतो ते शोषण. सगळ्या खोल्यांत फिरतो ते वितरण. घरात रुळून त्याचे रूप बदलते ते रूपांतर, हे काम बहुतेक यकृताकडे. आणि शेवटी तो निघतो ते उत्सर्जन, हे बहुतेक मूत्रपिंडांकडे. यकृत-मूत्रपिंड थकले, की पाहुणा मुक्काम लांबवतो आणि दुसरा त्याच्या मागोमाग येऊन ठेपतो. म्हातारपणी जुनीच मात्रा जड का होते, ते यात आले. मेथोट्रेक्सेटचा पाहुणाही मूत्रपिंडांच्या वाटेनेच जातो. आईचे वय, उपास आणि पाणी कमी. मी तिला चहूबाजूंनी घेरले होते.

पाहुण्यांपैकी निम्मे जायला जो वेळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. हृदयाच्या आजारात देतात त्या डिगॉक्सिनचे अर्धायुष्य सुमारे दीड दिवसाचे, आपल्या दीड दिवसाच्या गणपतीएवढे. ज्या वनस्पतींपासून हे घराणे निघाले त्यांतल्या फॉक्सग्लोव्ह नावाच्या फुलझाडावर विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टराने १७८५ साली पुस्तक लिहिले, आणि मात्रा किती नाजूक आहे हे तेव्हाच बजावले. म्हणून आजही परिचारिका ही गोळी देण्यापूर्वी पूर्ण एक मिनिट ठोके मोजते. मोठ्या माणसाचे साठाच्या खाली असले, तर गोळी हातात ठेवून आधी डॉक्टरांना विचारते. न देणे हेही देण्याइतकेच तिचे काम आहे.

उलट पेनिसिलीन. हा पाहुणा उंबरठ्यावरूनच परततो, इतक्या झपाट्याने, की १९४१ साली ऑक्सफर्डला पहिल्या रोग्याच्या लघवीतून ते पुन्हा गाळून काढून त्यालाच टोचले होते. आमच्या वर्ध्याच्या माणसांना यातली एक गोष्ट जवळची आहे. कस्तुरबा फेब्रुवारी १९४४ मध्ये पुण्याला आगाखान महालात अखेरच्या दुखण्यात होत्या. देवदास गांधींनी धडपडून कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलीन आणवले. ते दर काही तासांनी टोचावे लागेल असे कळल्यावर, आता या देहाला सुया नकोत, असे गांधीजी म्हणाले आणि मुलाने ऐकले. २२ फेब्रुवारीला बा गेल्या. ते बरोबर की चूक, यावर मोठमोठ्या माणसांनी लिहिले आहे. मला ओसरीवर बसून एवढेच वाटले, की त्या खोलीत औषधाचे अर्धायुष्य आणि माणसाचे आयुष्य समोरासमोर उभे राहिले होते.

आता माझ्या दोन पिवळ्या गोळ्यांकडे येतो. त्यांची जन्मकथा वाचली आणि मी थक्क झालो. एकीचे मूळ तर आपल्या मुंबईतच निघाले.

१९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईला आल्या. गिरणगावातल्या गरोदर बायकांना एक जबर रक्तक्षय होत असे. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने थोड्या आणि आकाराने फुगलेल्या. कित्येक जणी त्यात दगावत. हाफकिन संस्थेत काम करीत बाईंनी त्यांच्या ताटात काय असते आणि काय नसते ते तपासले. शेवटी यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा एक स्वस्त, काळा, खारट लेप देऊन पाहिला, आणि बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या लेपातले गुणकारी द्रव्य कोणते, ते कळेना, म्हणून लोक त्याला 'विल्स घटक' म्हणत. १९४१ साली पालकाच्या पानांतून एक आम्ल वेगळे काढले गेले. लॅटिनमध्ये पानाला 'फोलियम' म्हणतात, म्हणून त्याचे नाव फॉलिक ॲसिड. मुंबईच्या बायकांना बरे करणारे ते हेच. आमच्या आईची रोजची गोळी ही अशी आडनावाने पानवाली आणि माहेराने थोडी परळची आहे.

दुसरीची कथाही भारतीय माणसाला येऊन मिळते. भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव मद्रासला शिकून अमेरिकेला गेले आणि लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख झाले. त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केले, आणि पाठोपाठ त्याची तोतया भावंडेही केली. दिसायला फॉलिक ॲसिडसारखी, पण पेशीच्या कुलपात जाऊन अडकणारी. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी त्यांतल्या ॲमिनोप्टेरिनने रक्ताच्या कर्करोगाची मुले काही काळ तरी बरी होतात, हे १९४८ साली दाखवले. त्याच वर्षी सुब्बाराव वारले. मेथोट्रेक्सेट ही त्याच कुळातली जरा सौम्य बहीण. पुढे लहान मात्रेत, आठवड्यातून एकदा दिली तर ती संधिवातालाही आवर घालते असे दिसून आले, आणि १९८८ साली अमेरिकेत त्या उपयोगाला मान्यता मिळाली.

म्हणजे आईच्या पिशवीत एक खरी आणि एक तिची तोतया, एक पेशींना वाढवणारी आणि एक त्यांना थोपवणारी, अशा दोघी शेजारी नांदत होत्या. कुणाचा वार कोणता, यावर सगळा संसार होता. मी त्यांची नावे पुसून त्यांना सारख्या डब्यांत बसवले.

विष कोणते आणि औषध कोणते, ते वापरणाऱ्याच्या हातावर ठरते, असा अर्थ चरकसंहितेत आहे. त्याच ग्रंथात उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे आजची परिचारिका. तिच्या अंगी चार गुण हवेत: उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता. मी हे वर्गात शिकवताना 'अनुराग' या शब्दावर मिनिटभर बोलत आलो. गेल्या नवरात्रापासून 'दक्षता' या शब्दावर थांबतो. अनुराग माझ्याजवळ पुष्कळ होता हो. आईच्या खाटेपर्यंत तोच घेऊन गेला.

पुतणीच्या पुस्तकात एक वाक्य आहे, त्याचा मथितार्थ असा: रोगी म्हणाला, 'ही गोळी नेहमीची दिसत नाही,' तर हात तिथेच थांबवा आणि पुन्हा तपासा. रोग्याची शंका ही तपासणीच आहे. मी पोरीला म्हणालो, "हे वाक्य परीक्षेला येतं का?" ती म्हणाली, "परीक्षेला येवो न येवो काका, वॉर्डात रोज येतं."

तेव्हापासून आमच्या घरात काही नियम झाले. गोळी पाकिटातच राहते. कात्रीने कापायचे झाले तरी नाव आणि तारीख शाबूत ठेवून. रविवारची गोळी वेगळ्या खणात, आणि एका वेळी महिन्याच्यावर घरात आणायची नाही. नवीन दुखणे आले, दात काढायचा झाला, अंगदुखीची साधी गोळी घ्यायची झाली, तरी आधी सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवायची. अंगदुखीच्या कित्येक गोळ्या मेथोट्रेक्सेटच्या पाहुण्याला घरात अडवून धरतात. तोंड आले, ताप आला, धाप लागली, तर उष्णता म्हणून बसायचे नाही, त्याच दिवशी विचारायचे. आणि लिहिलेला तक्ता दुसऱ्या माणसाने पाकीट हातात घेऊन वाचून पाहिल्याशिवाय भिंतीवर चढत नाही. माझा तक्ता पुतणी तपासते. तांबड्या शाईने.

यंदाच्या नवरात्रात एक रविवार मी केळझरला होतो. देवळातली आरती आटोपून आलो. आई ओसरीवर बसली होती. तिची मूठ आता बरीच मिटते. मी खणातून पाकीट काढले, नाव वाचले, तीन गोळ्या मोजल्या, पुन्हा नाव वाचले, आणि पाण्याचा पेला पुढे केला.

तिने पेला घेतला नाही. हात पुढे करून म्हणाली, "पाकीट दाखव."

मी दाखवले. तिने चष्मा लावला, अक्षरावर बोट ठेवून सावकाश वाचले, "मे... थो..." पुढे जमले नाही तेव्हा माझ्याकडे पाहिले. "आज ऐतवारच नं?"

"हो, आई."

"नक्की?"

मी भिंतीवरचे कालनिर्णय काढून तिच्या मांडीवर ठेवले. तिने वार पाहिला, तारीख पाहिली, आणि मग गोळ्या तोंडात टाकल्या. वाचकहो, इतकी वर्षे मी पोरांचे पेपर तपासतो आहे; पण मला कुणी पास केले म्हणून इतका आनंद आजवर झाला नव्हता.